आजोळचा ज्योती बटाटा पुण्यात गच्चीवर येईल का? आणि काचऱ्या गोड का लागतात?

अनघा_कोथरूड
९ सप्टेंबर

माझं आजोळ पेठ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की राजगुरुनगर सोडल्यावर आणि मंचर यायच्या आधी लागतं ते. सातगाव पठारावरचं गाव, म्हणजे पावसाळी बटाट्याचं गाव. मी लहान असताना जूनअखेरीला आजोबांच्या शेतात एकच गडबड असायची, बटाट्याच्या लावणीची. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचो तोवर काढणी उरकून बांधावरच्या आंब्याखाली आरणी लागलेल्या असायच्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, आरण म्हणजे सावलीत रचलेला बटाट्याचा लांबट ढीग, वरून वाळलेलं गवत आणि पाला घालून झाकलेला. भाव येईपर्यंत माल त्यात राहायचा. आजी म्हणायची, "जा गं, आरणीतनं चार काढून आण." गवतात कोपरापर्यंत हात घातला की आत गार लागायचं, आणि मातीचा जो वास यायचा तो मी आजही डोळे मिटून ओळखेन.

तो बटाटा ज्योती. लांबट गोल, फिकट सालीचा, डोळे इतके उथळ की आजी साल न काढता नुसत्या गोणपाटाच्या तुकड्याने घासून घ्यायची. आतून पांढरा.

त्याच्या काचऱ्या आमच्याकडे रोज सकाळी व्हायच्या म्हटलं तरी चालेल. बटाटा उभा अर्धा करायचा, विळीवर पातळ चकत्या ओढायच्या. लोखंडी कढई, शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ. कांदा नाही, साखर नाही. झाकण फक्त पहिली पाच मिनिटं, मग उघड्यावर, उलथन्याने तळापासून सोडवत. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि चकती अख्खी. बाजरीच्या भाकरीबरोबर त्या खाल्ल्या की दुसरं काही नको वाटायचं.

मामाने बारा वर्षांपूर्वी बटाटा बंद केला. बेण्याचा खर्च, काढणीच्या वेळी पाऊस आणि पडलेला भाव, या तिन्हींनी त्याला थकवलं. तेव्हापासून मी दुकानातल्या बटाट्याच्या काचऱ्या करते आहे आणि त्या एकदाही तशा झालेल्या नाहीत. कढई तीच (आजीची कढई आता माझ्याकडे आहे), तेल तेच. पण चकत्या आतून शिजायच्या आधीच तपकिरी होतात आणि गोडसर लागतात. नाहीतर पाणी सोडून मोडतात.

म्हणून यंदा घरीच लावायचं ठरवलं. फेब्रुवारीत टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आले होते, ते कापून पाच ग्रोबॅगांमध्ये लावले. निम्मी माती, निम्मं शेणखत, दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया. पाला असा तरारला की शेजारच्या काकू बघायला आल्या. एप्रिलच्या शेवटी बॅगा उलट्या केल्या तर पाचांत मिळून पाऊण किलोही भरले नाहीत. सगळ्यात मोठा लिंबाएवढा, बाकी सुपाऱ्या. दोन तर हिरवे. फार वाईट वाटलं. आई एक्क्याऐंशीची आहे, तिला मी सांगून ठेवलं होतं की यंदा तुला घरच्या बटाट्याच्या काचऱ्या करून घालणार.

तर विचारायचं असं: माझं काय चुकलं? ज्योतीचं बेणं एखाद-दोन किलो कुठे मिळेल? आणि काचऱ्या गोड लागतात हा जातीचा दोष की आणखी कशाचा?

---

पठारकर
९ सप्टेंबर, रात्री

ताई, तुमचं आजोळ पेठ आणि माझं गाव तिथून जवळच, कुरवंडीकडं. आरणीचं वाचून बरं वाटलं. मी अजून बटाटा करतो, पावसाळ्यात पठारावर आणि थोडा रब्बीत विहिरीखाली. तुम्ही जे लिहिलंय त्यात चुका सापडतात, आणि सगळ्या सुधारण्यासारख्या आहेत.

पहिली आणि मोठी चूक महिन्याची. बटाट्याला रात्र गार लागते. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या खाली उतरलं की तो जमिनीत पोसायला लागतो. फेब्रुवारीत लावलेला बटाटा मार्च-एप्रिलात पोसायला येणार, म्हणजे नेमका उन्हाळ्यात. तेव्हा तो नुसता पाला वाढवतो. आमच्या पठारावर पावसाळ्यात जमतं ते उंचीमुळं, तिथं ढग आणि वारा असतो, गारवा टिकतो. पुण्यात तुम्ही हिवाळाच धरा. दसऱ्याला बेणं घरात आणायचं आणि दिवाळीच्या आसपास लावायचं. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री त्याला पुऱ्या मिळतात.

दुसरी चूक युरियाची. निम्मं शेणखत घातल्यावर आणखी नत्र कशाला? पाला बघून माणूस खूश होतो, पण तो पाला खाली काही जाऊ देत नाही. तीन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, माती चिकट असेल तर थोडं कोकोपीट. लावताना बॅगेला दोन मुठी चुलीची राख मिसळली तर चांगलं, बटाट्याला पालाश लागतं. ओलं शेणखत मात्र अजिबात नको, सालीवर खवले येतात.

तिसरं बेणं. टोपलीतला बटाटा खायचा असतो. त्याला कोंब आला म्हणून तो बेणं होत नाही, त्यात रोग असला तर दिसत नाही. बेणं येतं पंजाबातून आणि मंचरला व्यापाऱ्यांकडं मिळतं. ते पन्नास किलोच्या कट्ट्यात असतं, पण ओळखीनं दोन किलो निवडून देतात. तुमचे मामेभाऊ गावात असतील तर त्यांना सांगा. कोंबडीच्या अंड्याएवढं निवडा आणि अख्खंच लावा. कापलेलं बेणं कुंडीत सडायची भीती जास्त. कापायचंच झालं तर प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवा, राखेत घोळवा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या.

बेणं शीतगृहातून आलेलं असतं. आणल्याबरोबर लावू नका. अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून, उजेड येतो पण ऊन येत नाही अशा जागी पंधरा-वीस दिवस ठेवा. कोंब जाड, बुटका, हिरवट-जांभळा आला पाहिजे. अंधारात ठेवलं तर पांढरा लांब दोरा येतो आणि लावताना तुटतो.

लावताना चार बोटं खोल. पंधरा इंची बॅगेत दोनच बेणी. बॅग पहिल्यांदा निम्मीच भरायची. झाड वीतभर झालं, म्हणजे साधारण महिन्यानं, की मातीची भर द्यायची, आणि पुढं पंधरा दिवसांनी दुसरी. तुमचे दोन बटाटे हिरवे झाले ते भर नव्हती म्हणून, उजेड लागला. ते खाल्ले नसतील अशी आशा आहे. हिरवा बटाटा फेकूनच द्यायचा.

पाण्याचं एवढंच सांगतो, थोडं आणि नियमित. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की बटाटा तडकतो. पाल्यावर संध्याकाळी पाणी मारू नका. डिसेंबरात आभाळ आलं की करपा येतो. तपकिरी ठिपक्यांची पानं दिसली की लगेच खुडून बाहेर टाका.

काढायच्या आधी दहा-बारा दिवस पाणी तोडा आणि पाला जमिनीसरशी कापा. बटाटा आतच राहू द्या. त्यानं साल पक्की होते. अंगठ्यानं चोळून साल सुटली नाही की काढा.

ज्योतीचं म्हणाल तर माझ्या शिवारात ती कमी झालीय. पुखराज लवकर निघतो, भरपूर निघतो, म्हणून लोक तो लावतात. वेफर्सवाल्या कंपन्यांच्या करारातल्या जाती वेगळ्याच. पण ज्योतीचं बेणं मिळतं. मी घरच्या खाण्यापुरती दरवर्षी चार सऱ्या ज्योतीच लावतो, कारण माझ्या आईलाही पुखराजाची भाजी आवडत नाही. ती म्हणते, पाणी पाणी लागतो.

---

निवृत्त_मास्तर
१० सप्टेंबर

पठारकरांनी लागवडीचं सगळं सांगितलं आहे, त्यात भर घालण्यासारखं फार नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून काचऱ्यांच्या गोडीचं उत्तर देतो.

तो दोष जातीचा कमी आणि साठवणीचा जास्त. बेण्याचा आणि बराचसा खायचा बटाटा दोन ते चार अंशांच्या शीतगृहात ठेवतात. एवढ्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते. ती साखर कढईत तापली की चकती झपाट्याने तपकिरी होते, आत शिजायच्या आधीच. वेफर्स करणारे म्हणूनच त्यांचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवतात. तुमच्या आजीचा बटाटा आरणीतला. आरणीत गारवा असायचा, पण शीतगृहासारखी थंडी कधीच नाही. त्यामुळे पीठ पीठच राहायचं.

घरी उपाय असा की बाजारातून आणलेला बटाटा दोन-तीन आठवडे साध्या हवेत, अंधाऱ्या जागी पसरून ठेवा. बरीचशी साखर कमी होते. आणि कृपा करून बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. मी हे माझ्या घरी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

दुसरी गोष्ट बटाट्यातल्या घन भागाची. पुखराजात पाणी जास्त, पीठ कमी. चिप्सोना जातीत पीठ भरपूर, म्हणून ती वेफर्सना चालते. ज्योती या दोहोंच्या मधली, त्यामुळे चकती मोडतही नाही आणि पाणीही सोडत नाही. काचऱ्यांना हेच हवं. हातातला बटाटा कसला आहे हे ओळखायचं असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. पिठूळ असेल तो बुडतो, पाणीदार असेल तो तरंगतो. हे मी वर्गात मुलांना करून दाखवायचो आणि तो तास कुणी चुकवत नसे.

जाता जाता नावाविषयी. आपल्याकडच्या पुष्कळ जातींच्या नावामागे 'कुफरी' लागतं. ज्योतीचं पूर्ण नाव कुफरी ज्योती, १९६८ सालची जात. कुफरी हे शिमल्याजवळचं उंचावरचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. बटाट्याला फुलं धरायला मोठा दिवस लागतो. मैदानातल्या हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे जातींचा संकर करायचा तर तो डोंगरातल्या उन्हाळ्यात. म्हणून कुफरी. याच मालिकेत १९७२ सालची कुफरी लवकर ही जात आहे, आणि ते 'लवकर' म्हणजे आपलंच मराठी लवकर. दख्खनच्या पठारासाठी काढलेली, लवकर तयार होणारी जात. शिमल्याच्या संस्थेच्या यादीत आपल्या भाषेतला तो शब्द वाचला की मला आजही आनंद होतो.

---

स्मिता_एडिनबरा
११ सप्टेंबर

अनघाताई, तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी मूळची नारायणगावची, एकोणीस वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. इथे बटाटा म्हणजे पंचप्राण. मार्चमध्ये घराघरांत खिडकीत अंड्यांचे ट्रे मांडलेले दिसतात, डोळे वर करून, अगदी पठारकरांनी सांगितलं तसेच. मी एप्रिलमध्ये लावते, जुलै-ऑगस्टमध्ये काढते. दिवस इतका मोठा असतो की रात्री नऊला उजेडात बटाटे खणता येतात.

काचऱ्यांसाठी मी बऱ्याच जाती करून पाहिल्या. मॅरिस पायपर पिठूळ, त्याच्या काचऱ्या कुस्करतात, पण वड्याचं सारण त्याच्यासारखं कशाचंच होत नाही. शार्लट नावाचा लहान लांबट बटाटा आहे, मेणासारखा घट्ट. त्याच्या चकत्या शेवटपर्यंत अख्ख्या राहतात, मात्र कडा हव्या तशा कुरकुरीत होत नाहीत. त्यासाठी मी चकत्या कापून धुते आणि फडक्यावर पसरून अर्धा तास कोरड्या करते. फरक पडतो, करून बघा.

एक सुचवते. इथे लोक उंच पिंपात झाड वाढेल तशी माती भरत जातात, म्हणजे थरांवर थर बटाटे लागतात म्हणे. गच्चीवर जागा कमी असेल तर तसं करता येईल. आणि फुलं आली की बटाटे धरले असं समजायचं.

---

पठारकर
११ सप्टेंबर

स्मिताताई, नारायणगाव म्हणजे आमचे शेजारीच तुम्ही. फुलांचं मात्र इकडं धरून चालू नका. आमच्या रब्बीच्या बटाट्याला पुष्कळदा फुलं येतच नाहीत आणि खाली बटाटा चांगला असतो. मास्तरांनी कारण दिलंच आहे. इकडं दिवस मोजायचे. पुखराज पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांतही काढतात, ज्योतीला नव्वद ते शंभर द्या.

पिंपाचंही मी अनघाताईंना सांगणार नाही. बटाटा बेण्याच्या वरच्या वीतभर दांड्यालाच धरतो. माझ्या भाच्यानं पिंप भरून पाहिलं होतं, तीन फूट माती घातली आणि बटाटे सगळे खालच्या फुटात निघाले. पंधरा इंची बॅग पुरे. एक करा, काळी बॅग दुपारच्या उन्हात तापते, तिच्याभोवती जुनं गोणपाट गुंडाळा आणि वर पाचट नाहीतर वाळलेला पाला अंथरा. पण सहा तास ऊन मिळालंच पाहिजे.

---

अनघा_कोथरूड
११ सप्टेंबर

तिघांचेही मनापासून आभार. फेब्रुवारीचं कारण वाचून डोक्यातला गोंधळच मिटला. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या हाताला गुण नाही.

पठारकर दादा, एक शंका. मावा आला तर काय करू? मागच्या वेळी पानांच्या खाली चिकट झालं होतं.

---

पठारकर
१२ सप्टेंबर

पाण्याची धार मारून धुवा, तीही सकाळी, म्हणजे पाला दिवसभरात सुकतो. आठ दिवसांनी निंबोळी अर्क. खायचा बटाटा आहे, चार झाडं आहेत, जहाल औषधाची गरज नाही. मावा रोग पसरवतो म्हणून बेणं करणारे त्याला फार भितात. पंजाबात बेण्याच्या शेतातला पाला डिसेंबर संपता संपता, जानेवारीच्या सुरुवातीला कापून टाकतात ते त्याच्याचसाठी, मावा वाढायच्या आत.

---

अनघा_कोथरूड
१६ फेब्रुवारी

मंडळी, पाच महिन्यांनी लिहिते आहे. सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही सविस्तर सांगितलं होतंत.

दसऱ्याच्या आठवड्यात मामेभावाने मंचरहून दोन किलो ज्योतीचं बेणं आणून दिलं. त्यातली अंड्याएवढी बारा निवडली, वजन सहाशे ग्रॅम भरलं. बाकीची शेजारी आणि ताईकडे वाटली. देवघराशेजारच्या खिडकीत ट्रे ठेवला. कोंब अगदी दादांनी लिहिले तसे आले, बुटके, जांभळट, बोटाला खरखरीत लागणारे. आई रोज सकाळी पूजा झाली की ट्रे बघायची आणि किती वाढले ते मला सांगायची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सहा बॅगांत दोन-दोन लावले. चौदाव्या दिवशी पहिलं झाड वर आलं. भर दोनदा दिली. युरियाचं नाव काढलं नाही. पाला मागच्या वेळेसारखा तरारला नाही, गुडघ्याएवढाच राहिला, त्यामुळे डिसेंबरभर मला धाकधूक होती. ख्रिसमसच्या सुमारास तीन दिवस आभाळ होतं तेव्हा दोन झाडांवर ठिपके दिसले, ती पानं खुडली, पुढे पसरलं नाही. फूल एकही आलं नाही. नव्वदी जवळ आल्यावर शहाऐंशीव्या दिवशी पाला कापला आणि बारा दिवस बॅगांना हात लावला नाही. हे बारा दिवस सगळ्यात कठीण गेले.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी गच्चीवर जुनी चादर अंथरून पहिली बॅग उलटी केली. आई खुर्ची टाकून बसली होती. माती फोडायच्या आधीच बाहेरच्या अंगाला एक दिसला, फिकट, बशीतल्या अंड्यासारखा. मग हाताने ढेकूळ उकललं तर एकामागून एक निघत गेले, अकरा. तोच वास आला. मी आईकडे पाहिलं तर तिनेही हात पुढे केला होता, एक तिच्या हातात दिला, तिने नाकाशी धरला आणि म्हणाली, "दादाच्या शेतातला आहे."

सहा बॅगांचे मिळून ५ किलो ८५० ग्रॅम. पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या बॅगेत फक्त साडेतीनशे ग्रॅम निघाले, बाकीच्या पाचांत किलोच्या आगेमागे. उन्हाचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं.

चार दिवस सावलीत पसरून ठेवले. मग मास्तरांची मिठाच्या पाण्याची परीक्षा घेतली. माझ्या सहापैकी चार सावकाश बुडाले, दोन मध्येच कुठेतरी राहिले. शेजारच्या दुकानातून आणलेले दोन टाकले, ते दोन्ही वर तरंगले. सर, तुमच्या वर्गातल्या मुलांसारखीच मी पातेल्यावर वाकून बघत होते.

आणि काल सकाळी काचऱ्या. साल ठेवली, गोणपाटाने घासले. विळीवर चकत्या ओढल्या, पाती बाहेर काढली की तिच्यावर पांढरं पीठ दिसत होतं, तेव्हाच कळलं. स्मिताने सांगितल्याप्रमाणे धुऊन फडक्यावर कोरड्या केल्या. आजी हे करत नसे, पण मला ते आवडलं, पुढेही करणार. आजीच्या कढईत तीन पळ्या शेंगदाणा तेल, मोहरी, हिंग, हळद. चकत्या टाकल्यावर पाच मिनिटं झाकण. झाकण काढलं तेव्हा त्या पिवळ्याधमक होत्या, एकही काळवंडलेली नाही. मग तिखट-मीठ घालून उघड्यावर मध्यम आचेवर बारा-तेरा मिनिटं. शेवटच्या चार मिनिटांत कडा सोनेरी होऊन वर वळायला लागल्या आणि उलथन्याखाली खसखस असा आवाज यायला लागला. तो आवाज मी पेठच्या स्वयंपाकघरात ऐकलेला आहे.

गोड लागल्या नाहीत. बटाट्यासारख्या लागल्या. आईने बाजरीची अर्धी भाकरी खाल्ली, एरवी ती चतकोरावर उठते. मग कढईची खरवड मागून घेतली आणि ती कुणाला दिली नाही.

आता शेवटचा प्रश्न. अंड्याएवढे बारा बटाटे मी बेणं म्हणून बाजूला काढले आहेत. ते पुढच्या दिवाळीपर्यंत कसे ठेवू?

---

पठारकर
१६ फेब्रुवारी, रात्री

ताई, सहाशे ग्रॅमला पावणेसहा किलो म्हणजे जवळजवळ दहाचा उतारा पडला. एका कट्ट्याला दहा कट्टे निघाले तर आम्ही पठारावर पेढे वाटतो. आईंचं वाचून माझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

ते बारा मात्र ठेवू नका, खाऊन टाका. आत्ता ते झोपलेत, दोन-अडीच महिने कोंब येणार नाही, पण पुढं एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घरात सुकतील नाहीतर पाकोळीची अळी पडेल. सुकलेल्या बेण्याचं झाड अशक्त येतं. दिवाळीला पुन्हा ताजंच बेणं लावा. दसऱ्याच्या आधी मी मंचरला जाणारच आहे, दोन किलो ज्योती तुमच्या नावानं निवडून ठेवतो, तुमच्या भावाला माझ्याकडं पाठवा. आणि टाकीच्या सावलीतली ती बॅग तिथून हलवा.